पाणी जातं कुठे?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘आपली गाडी’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सत्राचं नाव ‘आपली गाडी’ असं असलं तरी मी सगळ्या गाडीबद्दल बोलणार नाही. ब्रेक, क्लच, विमा, कागदपत्रं, सगळं बाजूला ठेवते. एकाच दुखण्याबद्दल बोलते: पाणी कमी होणं आणि इंजिन तापणं. कारण आपल्या संस्थांकडे ज्या गाड्या आहेत त्या बहुतेक कुणीतरी वापरून झाल्यावर दिलेल्या. कुठे मारुती ८००, कुठे ओम्नी, कुठे जुनी जीप. ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ च्या जानेवारीत. म्हणजे सगळ्यात धाकटी ८०० सुद्धा आज दहा वर्षांच्या वरची. आमची १९९८ ची आहे. या वयाच्या गाडीचं दुसरं काही बिघडलं तर ती कुरकुरत का होईना, घरी आणते. तापलेली असताना तशीच रेटली, तर मात्र पंधरा मिनिटांत इंजिन उघडायची वेळ येते. मग संस्थेचा तीन महिन्यांचा प्रवासखर्च एका बिलात जातो.

मी एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई आहे, मेकॅनिक नाही. पाटण, कराड आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, या रस्त्यांवर ही गाडी चालवताना जे शिकले ते सांगते. बरंचसं कराडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं. त्यांचा मोठा गुण हा, की ते प्रश्नाला उत्तर देतात. ‘ताई, तुम्ही चहा घ्या, आम्ही बघतो’ असं म्हणत नाहीत.

आधी हे सगळं चालतं कसं, ते थोडक्यात. पेट्रोल जळतं त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप ते पाणी फिरवतो. इंजिनातून गरम पाणी वरच्या रबरी पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून उतरताना निवतं आणि खालच्या पाइपातून परत जातं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘व्हॉल’ म्हणतात. इंजिन गार असेपर्यंत ती बंद असते, पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे गेलं की उघडते. गाडी पळत असताना समोरून वारा लागतो. उभी असताना पंख्याने वारा द्यावा लागतो.

आता रेडिएटरचं टोपण. दिसायला डब्याच्या झाकणासारखं, पण सगळ्यात चतुर वस्तू तीच. पाण्यावर दाब धरून ठेवणं हे तिचं काम. टोपणावर ०.९ असा आकडा छापलेला दिसेल. एवढा दाब असला की साधं पाणीसुद्धा शंभर अंशांना उकळत नाही, एकशे पंधरा-अठरापर्यंत तग धरतं. टोपणाचं रबर वाळलं की दाब सुटतो आणि तेच पाणी तेवढ्याच उष्णतेला उकळून बाहेर येतं. गाडीत दुसरं काहीही बिघडलेलं नसतं. टोपण ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू. म्हणून शंका आली की आधी तेच बदलायचं.

आणि हेच टोपण गरम इंजिनावर उघडायचं नाही. कधीच नाही. दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आपल्यातल्या कितीजणींनी भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात रात्री काढल्यात, मला वेगळं सांगायला नको. अर्धा-पाऊण तास थांबायचं, वरच्या पाइपाला हात लावता आला पाहिजे. मग जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं, फुसफुस पूर्ण थांबू द्यायची आणि त्यानंतरच काढायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गाडी तापली आणि पाणी कमी दिसलं, की गॅरेजमध्ये दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: ‘पाणी खातीय आणि तापतीय.’ इथेच थांबून विचारायचं, की आधी काय झालं? पाणी गेलं म्हणून तापली, की तापली म्हणून पाणी बाहेर फेकलं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कुठेतरी गळती आहे. दुसऱ्यात पंखा, व्हॉल, पंप किंवा चोंदलेला रेडिएटर. गळती शोधायची सोडून व्हॉल बदलत बसलात, किंवा पंखा बंद असताना पाइपांचे क्लिप आवळत बसलात, तर पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

हे ठरवायला हत्यार लागत नाही, वही लागते. बचतगटाची वही आपण वर्षानुवर्षं ठेवतो, तशीच एक गाडीत ठेवायची. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पाणी किती खाली गेलंय ते पाहायचं. किती घातलं ते मापाने लिहायचं. ‘थोडंसं घातलं’ असं लिहायचं नाही. अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि त्यावर खुणा करा. किती किलोमीटर झाले, काटा कुठवर गेला होता, घाट होता की बाजारातली गर्दी, हेही लिहायचं. आठ दिवसांत चित्र दिसतं. काटा एकदाही मध्याच्या वर गेला नाही आणि तरी रोज पाणी कमी होतंय, तर ती गळती. पाणी जागच्या जागी आहे, पण एका दिवशी काटा वर चढला आणि त्यानंतरच टाकी ओसंडली, तर दुखणं उष्णतेचं.

फक्त बाजूची प्लॅस्टिकची टाकी पाहून समाधान मानू नका. इंजिन तापतं तेव्हा वाढलेलं पाणी टोपणातून त्या टाकीत जातं आणि निवल्यावर परत ओढलं जातं. टोपणातली परतीची छोटी झडप अडकली किंवा मधली बारीक नळी चिरली, की पाणी जातं पण परत येत नाही. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो! सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर हेच समजायचं. म्हणून थंड असताना टोपण काढून आत पाहायचं. पाणी काठोकाठ पाहिजे.

गळती असेल तर ती दाखवते. आम्ही रात्री गाडीखाली पुठ्ठा घालायचो. सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहायचं: रेडिएटरखाली, पट्ट्याच्या बाजूला की मागे. रंगीत कूलंट घातलेलं असेल तर डाग ओळखू येतो, बोटाला बुळबुळीत लागतो, वास गोडसर येतो. पण चाखून बघू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका ते याच्यासाठी. उन्हाळ्यात एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी पडतं, ते मात्र एसीचं. त्याची काळजी नको.

पुठ्ठा कोरडा आणि पाणी तरी कमी, असंही होतं. कारण काही गळत्या फक्त गरम असताना आणि दाब असतानाच चालू होतात. थेंब तापलेल्या लोखंडावर पडतो आणि उडून जातो. मागे राहतो पांढरट किंवा हिरवट खार, घामाने बंडीवर उमटतो तसा. बॉनेट उघडून दिवसाउजेडी, बॅटरी घेऊन, हा खार शोधायचा. पाइपांची टोकं, क्लिपांच्या खाली, रेडिएटरच्या कडा. वॉटर पंपाला बहुतेक गाड्यांत खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे पंप आपण होऊनच सांगतो की माझं संपत आलंय. ते भोक बुजवणारे महाभागही भेटतात. इंजिनाच्या ब्लॉकला पत्र्याची गोल बुचं असतात, गॅरेजमध्ये त्यांना ‘डमी’ म्हणतात, वर्षानुवर्षं नुसतं बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत ती आतून कुजतात. हीटर असलेल्या गाडीत पुढच्या सीटच्या पायाशी ओल आणि काचेवर आतून चिकट वाफ दिसली, तर गळती हीटरची.

आमच्या गाडीचं सांगते. तीन आठवडे दर दोन दिवसांनी पाव लिटर पाणी कमी व्हायचं. काटा जागेवर. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. दहा मिनिटांत निदान झालं: ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.’ अंदाजपत्रक हातात. आमची हिशेब बघणारी ताई सोबत होती. जेमतेम सातवी शिकलेली, पण गटांचे हिशेब तपासून तपासून तयार झालेली. तिने एकच शब्द विचारला, ‘कशावरून?’ तो माणूस तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, हे टेक्निकल असतं.’ आम्ही चावी परत घेतली.

कराडच्या मिस्त्रींनी काय केलं? आमची वही वाचली. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला. टोपणाच्या जागी बसतो, त्याला दाबाचा काटा असतो. इंजिन गार असतानाच ०.९ पर्यंत दाब भरला आणि बसून राहिले. काटा हळूहळू खाली आला. दहा मिनिटांनी वॉटर पंपाच्या भोकातून एक थेंब सुटला. मिस्त्रींनी हिशेबाच्या ताईला आरसा धरून तो दाखवला. नवा पंप, नवा पट्टा, नवं टोपण. इंजिन खोललं नाही. गाडी आजही चालते आहे.

म्हणजे गॅस्केट कधीच जात नाही असं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाच्या ओम्नीचं खरंच गेलं होतं, आणि तिथे उलटं झालं: सहा महिने सगळेजण पाइप बदलत राहिले. गॅस्केट गेल्याच्या खुणा माहीत असलेल्या बऱ्या. इंजिन पूर्ण गार असताना टोपण काढून सुरू करायचं. पहिल्या मिनिटभरातच पाण्यातून बुडबुडे यायला लागले आणि थांबेचनात, तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. सुरू केल्या केल्या, पाणी तापायच्या आधीच वरचा पाइप दगडासारखा टणक होतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. थंडीत सकाळी दोन मिनिटं येणारी वाफ वेगळी, ती सगळ्याच गाड्यांना येते. स्पार्क प्लग काढले तर एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा चकचकीत निघतो. ऑइलच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसतं. इथे एक सांभाळा. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर ऑइलच्या झाकणाला आतून पांढरा लेप धरतो. ती नुसती दमट हवा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर त्या लेपावरून कुणी इंजिन खोलायला निघालं तर खोलू देऊ नका. दाबाची चाचणी झाली का, कॉम्प्रेशन तपासलं का, प्रत्येक सिलिंडरचा आकडा काय आला, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. ज्याने खरंच तपासलंय तो आकडे सांगतो.

आता दुसरी बाजू, पाणी पूर्ण आहे तरी तापते. इथे ‘कधी तापते’ हे महत्त्वाचं. आपण केस घेताना विचारतोच ना, केव्हापासून, कोणत्या वेळी, काय झाल्यावर? तसंच. बाजारात, सिग्नलला, उभ्या उभ्या तापते आणि हायवेला लागली की काटा उतरतो: पंख्याकडे बघा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज, मग वायरचा जोड, मग तापमानावर चालू-बंद होणारा स्विच, शेवटी मोटर. बॅटरीवरून थेट वायर देऊन पंखा फिरला, तर मोटर चांगली. जुन्या जीपमध्ये पंखा पट्ट्यावरच फिरतो, तिथे पट्टा ढिला आहे का ते पाहा.

उलट, गावात ठीक आणि घाटात किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलाय असं धरून चालायला हरकत नाही. बाहेरून जाळीत किडे, चिखल, भाताचं तूस अडकलेलं असतं, ते आतल्या बाजूने बाहेर असं पाण्याने धुवायचं. आतून बोअरच्या पाण्याचा क्षार धरलेला असतो, आपल्या घरच्या गीझरमध्ये धरतो तोच. पितळी रेडिएटर उघडून नळ्या साफ करता येतात, डाग देता येतो. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे नवे अॅल्युमिनियमचे असतील तर बदलणंच परवडतं.

आणि सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर, वरचा पाइप किंवा इंजिन कडक गरम आणि खालचा पाइप गार, तर व्हॉल बंद अवस्थेत अडकलाय किंवा पंप पाणी फिरवत नाही. व्हॉल काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवायचा, पाणी उकळायच्या आत तो उघडलेला दिसला पाहिजे. स्वयंपाकघरात होणारी चाचणी आहे. अनेक गॅरेजवाले व्हॉल काढून फेकतात आणि ‘आता तापणार नाही’ म्हणतात. मला हा प्रकार आवडत नाही. त्याने इंजिन नेहमीच गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि खरं कारण चोंदलेला रेडिएटर असेल तर ते झाकलं जातं. मेच्या उन्हात परत वर येतं.

पट्ट्याचं एक. नाव फॅन बेल्ट, पण ८०० मध्ये तो फॅन फिरवतच नाही, वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. म्हणून बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर पट्टा तुटलाय. लगेच थांबायचं. पट्टा डिकीत असू द्या.

आता रस्त्यावरचं. हे नीट ऐका, कारण गाडीत बहुतेक वेळा आपण एकट्या नसतो. पोफळीहून कुंभार्ली चढायला लागलात, मागे बाळंतपणाची बाई आहे आणि काटा चढतोय. एसी बंद. हीटर असेल तर तो पूर्ण चालू, काचा उघड्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता आत खेचतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नका, खालच्या गिअरमध्ये सावकाश चढा. काटा उतरला नाही तर पहिल्या रुंद जागी बाजूला घ्यायची. वाफ दिसली की इंजिन बंद. दोन किलोमीटरच राहिलेत म्हणून पुढे नेऊ नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापून वाकतं, आणि मग त्या दोन किलोमीटरांच्या मध्येच गाडी कायमची उभी राहते. आधी १०८ ला फोन. २०१४ पासून ही सेवा राज्यभर आहे. बॉनेट त्यानंतर. घाटात रेंज नसेल तर येणारी पहिली गाडी थांबवून बाईला त्यात बसवायचं, सोबत एक कार्यकर्ती. आपल्या गाडीजवळ दुसरी. गाडी सावकाश निवू दे.

आणखी एक, सगळ्यात फसवं. काटा लाल खुणेपर्यंत जातो आणि एकदम खाली येतो. वाटतं, निवली. तसं नसतं. पाणी पूर्ण गेलं की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि मग तो काहीही दाखवतो. पाणी न घालता काटा अचानक उतरला तर तो चांगला मानू नका. थांबा.

निवल्याशिवाय पाणी ओतायचं नाही. लालबुंद इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला तडा जातो. निवल्यावर, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. त्यावेळी कुठलंही पाणी चालेल, ओढ्याचंसुद्धा, फडक्याने गाळून. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, तुम्ही ऐकलं असेल. बारीक भोक त्याने बुजतं, हे खरं आहे. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली ते कळत नाही, दोन्ही बुजतात. घरी पोचण्यापुरतं करा आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारतात. ते गंज धरू देत नाही आणि उकळायचा अंश आणखी वर नेतं, म्हणून.

बोलणं पुरे. बाहेर अंगणात शिबिराची जीप उभी आहे. काल संध्याकाळपासून सुरू केलेली नाही, म्हणजे गार आहे, आणि खाली मी रात्री पुठ्ठा घातलाय. टोपण काढायला, पाइप दाबून बघायला आणि वहीत पहिली नोंद करायला तीन-तीनजणी या. साड्यांचे पदर खोचून घ्या, पट्ट्याजवळ काही लोंबकळता कामा नये. चावी माझ्याकडे आहे. सगळ्याजणी बाजूला झाल्याशिवाय मी ती लावणार नाही.